बोडकी विहीर

सावरदऱ्यात पोहायला शिकवायची गोष्ट पहिल्यांदा निघाली तेव्हा निम्मं गाव हसलं होतं. घोड नदीच्या काठाला पिढ्या गेल्या, पण नदी उन्हाळ्यात घोट्याएवढी आणि पावसाळ्यात जवळ जाऊ नये अशी. पोहायचं कुठे आणि कशाला? मग डिंभ्याचं धरण भरलं. त्र्याण्णव साली गाव उठून वर डोंगराच्या कुशीत जाऊन बसलं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि शाळा, दवाखाना, एसटी सगळं पलीकडच्या काठाला राहिलं. जन्मभर हंड्यानं पाणी मोजलेल्या माणसांच्या दारात आता समुद्र होता, आणि तो ओलांडायला गावकीची एक होडी.

त्या गावात पोहता येणारा माणूस एकच, भागुजी. साठीला टेकलेला, अंगानं काटक, बोटं पहार धरून-धरून वाकलेली, सरळ न होणारी. धंदा विहिरी खणायचा. जुन्नरकडे निमगाव सावा आणि आजूबाजूच्या गावांत त्यानं खणलेल्या विहिरी आजही पाणी देतात. पोहायला तो तिथेच शिकला. अठ्ठावीस फुटांवर झरा फुटला, विहीर भरली आणि मालकाच्या पोरांनी काठावरून धडाधड उड्या मारल्या, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या भागुजीला पहिल्यांदा कळलं की पाणी नुसतं काढायचं नसतं, त्यात खेळायचंही असतं. एका म्हाताऱ्या सालगड्यानं त्याच्या पाठीला पांगाऱ्याचं वाळलेलं, कापसासारखं हलकं लाकूड बांधलं. त्याला बिंडा म्हणतात. महिन्याभरात भागुजीचा बिंडा सुटला.

गेल्या श्रावणात होडी कलंडली. शाळेची अकरा पोरं पाण्यात. काठ तीस-चाळीस फुटांवर होता म्हणून बरं, भागुजी गुरं घेऊन तिथेच होता म्हणून बरं. अकराच्या अकरा निघाली. शेवटची निघाली ती हौशीराम पाटलांची नात समृद्धी. सहा वर्षांची पोर, ओठ निळे पडलेले. भागुजीनं तिला पालथी धरून पोटातलं पाणी काढलं तेव्हा ती रडली, आणि काठावर उभा असलेला हौशीरामही रडला. त्या दिवसापासून हौशीरामच्या तोंडात 'ए भागुजी'चं 'भागुजीभाऊ' झालं.

पण होडीची भीती काही गेली नाही. मुलगे दोन महिन्यांनी पुन्हा जायला लागले. सात मुलींची शाळा मात्र बंद झाली ती झालीच. कोणी म्हणालं, पोरीची जात, बुडाली तर? कोणी म्हणालं, शिकून काय दिवे लावणार आहे? भागुजीला याचा संताप यायचा. त्याची स्वतःची नात त्या सातांत नव्हती, त्याचा मुलगा मुलाबाळांसकट पुण्याला होता. तरी संताप यायचा. शेवटी चैत्रात तो पारावर उभा राहिला आणि म्हणाला, "मी शिकवतो. पोरान्‌लाबी आन् बायांन्‌लाबी. बाया गवताला त्याच होडीतनं जात्यात ना? का त्या बुडत न्हाईत?"

हौशीरामनं लगेच शब्द दिला. ज्या मुली पोहायला शिकतील त्या जूनमध्ये होडीत बसतील, त्याची नात सगळ्यांत आधी. एकवीस पोरं आणि नऊ मोठी माणसं, त्यांत सहा बाया, अशी तीस नावं झाली. वैशाखातला एक सोमवार ठरला.

महिनाभर भागुजीला दुसरं काही सुचलं नाही. पांगाऱ्याच्या फांद्या तोडून त्यानं त्या पत्र्यावर वाळत घातल्या. दुधी भोपळे पोखरून टांगले. गोडेतेलाचे प्लास्टिकचे डबे घोडेगावच्या बाजारातून मागून आणले, बूच लावून प्रत्येक डबा पाण्यात दाबून पाहिला. बायांच्या कमरेला काथ्या रुतेल म्हणून नायलॉनची दोरी आणली आणि तिच्या टोकांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या. "लेकीचं लगीन काढलंय का?" लोक विचारायचे. तो हसायचा.

जागेचा प्रश्न मात्र सोपा सुटला. उन्हाळ्यात धरण उतरतं, पण गावाकडचा काठ कड्यासारखा. पाटलांची, कुलकर्ण्यांची जुन्या ताली, म्हणजे मातीचे उंच बांध असलेली जमीन, दोन पावलं टाकली की माणूस गळ्याइतक्या पाण्यात. सपाट, हळूहळू उतरत जाणारी जागा एकच होती: जुन्या गावाच्या टोकाला, नदीकडची बौद्ध वस्ती. भागुजीची वस्ती. पूर्वी ज्या बाजूला गाव पाठ करून बसायचं, तीच जागा आता पोरांना उभं करायला सुरक्षित होती. भागुजीला यातली गंमत कळत होती, पण त्यानं ती बोलून दाखवली नाही.

गुरुवारी तो खोली मोजायला उतरला. पाणी गढूळ, स्वतःचा गुडघा दिसत नव्हता. पायाला समाजमंदिराचा चौथरा लागला. मग तिथून काठाकडे वळल्यावर स्वतःच्या घराचं जोतं. त्यावर तो उभा राहिला. नऊ वर्षांनी स्वतःच्या घरात, गुडघाभर पाण्यात. अगदी बेस्त जागा, असं तो मनाशी म्हणाला, आणि पुढचं पाऊल टाकता टाकता थांबला.

विहीर.

छप्पन्न सालानंतर वस्तीनं धम्म घेतला आणि मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं. गावानं उलट त्यांचं पाणी तोडलं. आधी निदान गावच्या विहिरीवर कोणीतरी वरून घागरीत पाणी ओतायचं, तेही बंद. तेव्हा भागुजीच्या बापानं तीन उन्हाळे खपून वस्तीची स्वतःची विहीर खणली. पोरसवदा भागुजी खाली उतरून माती भरायचा. चाळीस फूट खोल, दहा फूट रुंद. तो विहिरी खणायला शिकला तो या विहिरीत.

ती बुजवली नव्हती. गाव उठलं तेव्हा ज्याला त्याला आपापली दारं-वासे वाचवायची घाई. भागुजीनं तर आणखी एक काम करून ठेवलं होतं. नव्या घराच्या पायऱ्यांना घडीव दगड हवे होते, म्हणून त्यानं पहार लावून विहिरीचा कठडा उचकटला. त्याची बायको जानकाबाई आडवी आली होती. "अवं, बोडकी करू नका तिला. तीस वरसं पाणी पाजलंय तिनं." तो म्हणाला, बुडणारच आहे ती, दगड का बुडवायचे? जानकाबाई पुढे काही बोलली नाही. पण नव्या घरी आल्यापासून ती एकदाही पाण्याच्या काठाला उतरली नव्हती. सगळं गाव धरण बघायला गेलं, ही गेली नाही. त्या घडीव दगडांच्या पायऱ्यांवरून ती रोज घरात जात-येत होती आणि विहिरीचा विषय दोघांत नऊ वर्षं निघाला नव्हता.

आणि आता ती विहीर इथेच कुठेतरी, छातीभर पाण्याखाली, तोंड उघडं टाकून पडली होती. कठडा असता तर पायाला लागला असता. गाळानं भरली असेल, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण जन्म विहिरीत गेलेल्या माणसाला कोण फसवणार? चाळीस फूट नऊ वर्षांत भरत नाहीत. वर गाळाचं पाणी, खाली पोकळ.

सोमवारला चार दिवस होते.

बांबू घेऊन तो शोधायला लागला. त्याच्या डोक्यात विहीर पक्की होती: लिंबाच्या पूर्वेला, तालीच्या अलीकडे, धोंड्याच्या उजव्या हाताला. पण लिंब कापून नेला होता, ताल विरघळली होती आणि धोंडा गाळात गेला होता. गुरुवार गेला. शुक्रवारी त्यानं रांगा आखून पाऊल-पाऊल ठोकलं. बांबू दर वेळी मऊ गाळात रुतायचा आणि खाली घट्ट जमीन लागायची. एकदा बांबू आत गेला, जातच राहिला. त्याचा श्वास अडकला. ती नुसती कुजलेल्या लिंबाच्या बुंध्याची पोकळी होती. निदान लिंब सापडला म्हणून तो तिथून पूर्वेला गेला, पण तो तोच लिंब होता की दुसरा, हेही त्याला सांगता येईना. गढूळ पाण्यात उभा राहून तो एकटाच मोठ्यानं शिव्या द्यायला लागला. स्वतःलाच.

शनिवारी त्याच्यानं राहवेना. तो हौशीरामच्या ओट्यावर गेला आणि म्हणाला, "पाटील, सोमवारचं रहित करा."

हौशीराम उभाच राहिला. "आसं काय करता भागुजीभाऊ? पोरगी रोज सपान बघती पवायचं. पुन्हा पाऊस लागला की काय व्हणार? आवंदा न्हाई तर ती घरीच बसंल. मंग कायमचीच."

"वस्तीची इहीर हाय तिथं. उघडी. मला सापडंना."

हौशीरामच्या कपाळाला आठ्या पडल्या. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता तो. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "कुठं व्हती ओ तुमची इहीर? आमी तिकडं कधी आलोच न्हाई."

हौशीरामला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली आणि पायातली वहाण उगीच सारखी केली. गावच्या विहिरीची जागा सांगायला पन्नास माणसं मिळाली असती. या विहिरीची जागा सांगायला वस्तीची माणसं हवीत, आणि वस्तीची पाच घरं धरणानंतर पुण्या-मुंबईला पांगलेली. उरलं होतं एकच घर.

रविवारी सकाळी हौशीराम स्वतः गळ घेऊन आला. विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी आकड्यांचा झुबका. गळ दोरीला बांधून तो आणि भागुजी तळातून ओढायला लागले; विहिरीवर आला की तो खाली जाईल. गळ एकदा कुंपणाच्या तारेत अडकला, एकदा मुळांत. दुपार झाली. हौशीरामला दम लागला होता. भागुजी एका जागी उभा राहिला आणि बांबू त्याच्या हातातून सुटला. बांबू तरंगत गेला तरी तो धरायला हलला नाही.

"न्हाई व्हत माझ्यानं," तो म्हणाला. "पाचपन्नास इहिरी खणल्या. सवताची घावंना. पाटील, उद्या एकबी पोर पाण्यात घालायचं न्हाई. एक गेलं तर मी जगायचो न्हाई."

काठावर कोणाचीतरी चाहूल लागली म्हणून दोघांनी वळून पाहिलं. जानकाबाई उभी होती. काखेत पितळी हंडा, लुगड्याचा काचा मारलेला.

नऊ वर्षांनी ती खाली आली होती. भागुजीला वाटलं, हिला भुरळ पडली काय.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा," ती म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तीन दीस पाण्यात नाचताय. मला इचारायचं व्हतं."

"तुला कसं इचारू?" भागुजी म्हणाला. खरंच, कसं विचारणार होता?

"इहीर तुमी खणली. पाणी कोनी आणलं?" ती म्हणाली. "आपल्या घराचं जोतं कुठं हाय तेवढं दाखवा."

भागुजीला तेव्हा कुठे कळलं. तो विहिरीवर कायम रानातून यायचा, खाली बघत, लिंब-धोंडा-ताल हेरत. घरातून विहिरीवर तो कधी गेलाच नव्हता. ते बाईचं काम. आणि डोक्यावर हंडा असलेली बाई खाली बघत नाही. ती समोर बघते.

जानकाबाईला पाण्याचं भय होतं. घोट्यावर पाणी आलं तेव्हाच तिचे दात वाजायला लागले, वैशाखाच्या उन्हात. भागुजीनं तिच्या कमरेला नायलॉनची दोरी बांधली, धोतराची पट्टी गुंडाळलेली. तीस माणसांसाठी केलेल्या दोऱ्यांतली पहिली दोरी त्याच्याच बायकोच्या कमरेला लागली. तरंगत गेलेला बांबू त्यानं परत आणला. मधे दोरी त्यानं धरली, शेवट हौशीरामच्या हातात. तिला हाताला धरून त्यानं जोत्यावर उभी केली.

"दार कुनीकडं?"

त्यानं तिचे खांदे धरून तिला वळवली. तिनं रिकामा हंडा डोक्यावर ठेवला. मान आपोआप ताठ झाली. समोर डोंगराच्या रांगेत एक खिंड होती, जशी होती तशीच. गाव बुडालं, खिंड बुडाली नव्हती.

"रिकामा घिऊन जाताना बहात्तर पावलं," ती म्हणाली. "भरला घिऊन येताना शहाऐंशी. पाण्यात पाऊल भरल्यावानीच पडनार. शहाऐंशी मोजते."

आणि ती चालायला लागली. एक, दोन, तीन. नजर खिंडीवर. पाणी मांड्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत. चाळिसाव्या पावलाला ती थोडी डावीकडे वळली. "हितं समाजमंदिराचा कोपरा सुटतो." भागुजीनं पायानं चाचपलं. कोपरा तिथेच होता. साठ. सत्तर. पाणी छातीला आलं आणि तिचा आवाज बारीक झाला, पण मोजणं तुटलं नाही. शहाऐंशीला ती थांबली.

"हितं."

भागुजीनं तिच्या पायाशी बांबू मारला. घट्ट जमीन. डावीकडे मारला, घट्ट. त्याच्या तोंडावरची आशा मावळली. "न्हाई गं. चुकलीस तू."

"मी चुकत न्हाई," जानकाबाई म्हणाली आणि नऊ वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. "हितं कठडा व्हता. कठड्याला मांडी टेकवून मी हंडा उतरवायची. तुमी कठडा ठिवलाच न्हाई, मंग मी टेकू कशाला?" आणि मांडीनं कठडा शोधावा तशी ती अर्धं पाऊल पुढे झाली.

ती दिसेनाशी झाली. आवाजसुद्धा झाला नाही.

दोरी भागुजीच्या तळहाताची साल काढत सरकली. त्याचा पाय गाळात घसरला आणि तोही तोंडापर्यंत पाण्यात गेला. "वढा!" तो ओरडला. मागे हौशीरामनं दोरी कमरेभोवती गुंडाळून मागच्या मागे अंग टाकलं, सत्तरीजवळचा म्हातारा, आणि एकसारखा ओढत राहिला. जानकाबाईचं डोकं वर आलं. भागुजीनं तिला बगलेत धरून मागे खेचलं. ती खोकत होती, ओकत होती, त्याच्या खांद्यात नखं रुतवत होती. आपण केवढं पाप केलंय, हे त्याला त्या नखांतून कळलं.

हंडा मात्र पाण्यावर आडवा तरंगत होता. त्यात पाणी शिरलं आणि बुडबुड, बुडबुड असा तो भरायला लागला. तो आवाज तिघांनीही ऐकला. मग हंडा खाली गेला. भागुजीनं त्या जागी बांबू घातला. पंधरा फुटांचा बांबू हातापर्यंत आत गेला आणि खाली काहीच लागलं नाही.

"घावली," जानकाबाई म्हणाली आणि रडायला लागली. भागुजीही रडला. पाण्यात उभ्या माणसाचं रडणं दिसत नाही म्हणतात, पण हौशीरामला दिसलं.

विहिरीभोवती बांबू रोवायचे आणि त्यांना दोरीचं कुंपण करायचं ठरलं. पण बांबू गाळात उभे राहीनात. बुडाला जड दगड हवे होते. काठावर ओल्या लुगड्यात कुडकुडत बसलेल्या जानकाबाईनं वर डोंगराकडे बोट केलं, आपल्या घराकडे. भागुजी समजला. त्यानं वर जाऊन पहार आणली आणि दारापुढच्या पायऱ्या उचकटल्या. एक घडीव दगड त्यानं खांद्यावर घेतला. दुसरा उचलायला वळला तर तो हौशीरामनं घेतला होता. तिसरा हौशीरामच्या मुलानं. दिवस मावळायच्या आत गावातली चौदा-पंधरा माणसं दगड वाहत होती. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. त्या विहिरीवर गाव पहिल्यांदाच आलं होतं.

सोमवारी तीस माणसं वेळेवर आली. बारा बांबू, वर जानकाबाईच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. अलीकडे पोरांच्या कमरेएवढ्या पाण्यात भागुजीनं त्यांची रांग लावली. दोऱ्या धरायला काठावर माणसं बसली होती. समृद्धीच्या पाठीला त्यानं सगळ्यांत हलका बिंडा बांधला आणि तिची दोरी हौशीरामच्या हातात दिली. जानकाबाई बायांच्या रांगेत पहिली उभी होती, दात अजून वाजतच होते.

पोरगी लाल चिंध्यांकडे बघत होती. "आजी, त्या इहिरीचं पाणी कसं व्हतं गं?"

"लई ग्वाड," जानकाबाई म्हणाली. "पन तुज्या आज्याला नगं इचारू, बाळा. त्याला म्हाईत न्हाई."

हौशीरामनं दोरीला हाताचा आणखी एक वेढा दिला आणि नातीला म्हणाला, "पाय मार आता."